मॉडेलमध्ये डोंगर कुठाय?

दर एप्रिलमध्ये एक बातमी येते आणि फॅमिली ग्रुपवर फिरते. ‘यंदा पाऊस सरासरीइतका’, नाहीतर ‘सरासरीपेक्षा जास्त’. काकांचा अंगठा, मावशीचे जोडलेले हात, विषय संपला. त्याच सुमारास पेपरच्या आतल्या पानावर दुसरी बातमी असते, टँकरची. शहापूर तालुक्याचंच बघा. वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणं याच तालुक्यात. आणि इथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे रांगेत लावून टँकरची वाट बघतात.

पाऊस भरपूर, पाणी नाही. या दोन्हींच्या मधे नेमकं काय घडतं, हे शाळेत आपल्याला कुणी धड सांगितलेलं नसतं. ‘जलचक्र’ नावाच्या चित्रात ढग, पाऊस, नदी, समुद्र आणि वर जाणारे बाण असतात. डोंगरही असतो, पण नुसता रंगवलेला. त्याच्या पोटात काय चाललंय, ते चित्रात नसतं.

आता हे चित्र काढणारे ड्रॉइंगचे सर सोडा. सुपरकॉम्प्युटरवर चालणारी, येत्या पन्नास-शंभर वर्षांचं हवामान सांगणारी जी ‘अर्थ सिस्टिम मॉडेल्स’ आहेत, त्यांच्यातला डोंगरही बराचसा असाच आहे. त्यांना आकाश बऱ्यापैकी कळतं, समुद्र कळतो. उतारावरून मुरत जाणारं पाणी आणि पायाखालचं भूजल मात्र फारसं कळत नाही. माझं म्हणणं एवढंच की ही उणीव आपल्यासाठी किरकोळ नाही, आणि आपल्या डोंगरांपुरती ती भरून काढायची तर ते काम तुमच्याच पिढीला करावं लागणार आहे.

बादलीचे मजले

ही मॉडेल्स काम कशी करतात? पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकायची. एकेक चौकट साधारण शंभर किलोमीटर लांब, शंभर किलोमीटर रुंद. काही मॉडेल्समध्ये त्याहून मोठी. मग प्रत्येक चौकटीत हवा, पाऊस, ऊन, माती, झाडं यांची समीकरणं मिनिटामिनिटानं सोडवत पुढं जायचं.

जमिनीवरच्या पाण्याचा हिशेब सुरू झाला तो एका बादलीपासून. स्युकुरो मानाबे यांनी १९६९ मध्ये प्रत्येक चौकटीत एक काल्पनिक बादली ठेवली, १५ सेंटिमीटर खोलीची. पाऊस आला की बादली भरणार, उन्हानं आटणार, भरून वाहिली की ते पाणी नदीला. बस्स. हसू नका. तेव्हाच्या कॉम्प्युटरला तेवढंच झेपत होतं, आणि हवामानाच्या मॉडेलिंगमधल्या कामासाठी याच मानाबेंना २०२१ मध्ये फिजिक्सच्या नोबेलचा वाटा मिळाला.

पुढच्या पन्नास वर्षांत या बादलीचं रूप पालटलं. मातीचे थर आले, मुळं आली, पानांवरची सूक्ष्म छिद्रं कधी उघडतात नि कधी मिटतात त्याचं गणित आलं, कार्बन आणि नायट्रोजन आले. म्हणजे बादलीला मजले चढले. पण ती बादलीच राहिली. बहुतेक मॉडेल्समध्ये पाणी फक्त वर किंवा खाली जातं. बाजूला सरकत नाही. तळाला पोचलं की हिशेबातून बाहेर. शेजारच्या बादलीशी त्याचा काही संबंध नाही.

आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, भारताचं पहिलं अर्थ सिस्टिम मॉडेल तयार केलं. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालासाठी जगभरातली मॉडेल्स एकत्र चालवली गेली, त्यात हे होतं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण त्यातलं जमिनीचं मॉडेल, त्याचं नाव नोआ, मातीचे चार थर धरतं. सगळे मिळून दोन मीटर. आपल्याकडची साधी विहीर चाळीस-पन्नास फूट असते आणि मराठवाड्यातली बोअर शेकडो फूट खाली जाते. तिथलं पाणी या दोन मीटरमध्ये येणार कसं?

सरासरीनं सगळे पास

‘एवढ्या मोठ्या हिशेबात एका टेकडीनं काय फरक पडतो?’ हा प्रश्न रास्त आहे. अनेक वर्षं मॉडेल करणाऱ्यांचंही उत्तर हेच होतं. शंभर किलोमीटरच्या चौकटीत एका बाजूनं पाणी गेलं तरी दुसऱ्या बाजूला आलंच ना, सरासरी तीच.

महाबळेश्वर आणि वाई यांच्यात रस्त्यानं जेमतेम ३०-३२ किलोमीटर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस, वाईला त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतका. शंभर किलोमीटरची एकच चौकट या दोन्हींना पोटात घेते, वर कोकणातला काही भागही. आता त्या चौकटीची ‘सरासरी ओल’ कोणत्या गावाची?

वर्गातल्या अर्ध्या मुलांना ९० मार्क मिळाले आणि अर्ध्यांना १०. सरासरी ५०. पासिंग ३५ ला. सरासरी बघणारा म्हणणार, वर्ग पास. प्रत्यक्षात अर्धा वर्ग नापास झालाय. डोंगराचंही तसंच. माथा कोरडा ठाक, पायथा ओलाचिंब. मॉडेल म्हणतं, सगळीकडे मध्यम ओल. मग त्याच्यातली झाडं सगळीकडे मध्यम पाणी पितात, सगळीकडे मध्यम बाष्प सोडतात. खऱ्या डोंगरावर माथ्यावरचं गवत दिवाळीनंतर पिवळं पडतं आणि ओढ्याकाठचा उंबर, करंज, जांभूळ मे महिन्यातही हिरवेगार असतात. ओल आणि बाष्प यांचं नातं सरळ रेषेतलं नाही, त्यामुळे सरासरी ओलीवरून काढलेलं बाष्प आणि खरं बाष्प जुळत नाही. बाष्प चुकलं की तापमान चुकतं, ढग चुकतात, झाडांनी शोषलेला कार्बनही चुकतो.

तुम्ही पावसाळ्यात ट्रेकला जाता. हरिश्चंद्रगड, राजमाची, जिथं जाता तिथं. एकदा जानेवारीत त्याच वाटेनं जा. पाऊस थांबून तीन महिने झालेत, तरी एखादा ओढा वाहतोय. हे पाणी कुठून आलं? ते डोंगराच्या अंगातून आलं. माथ्यावर पडलेला पाऊस मातीतून, मुरमातून, खडकाच्या भेगांतून तिरका, हळूहळू खाली सरकत असतो. हेवलेट आणि हिबर्ट या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी १९६३ मध्ये हे प्रयोग करून दाखवलं. उतरत्या पन्हळीत माती भरली, भिजवली, वरून झाकली आणि तळाशी भांडं ठेवून बसले. पाणी महिनोनमहिने झिरपत राहिलं. नुसती ओली मातीसुद्धा ओढ्याला इतका काळ जिवंत ठेवू शकते.

पुढे यिंग फॅन या भूजल-संशोधिकेनं आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या झाडांच्या मुळांच्या नोंदी एकत्र केल्या. २०१७ मध्ये आलेल्या त्या अभ्यासातून दिसलं की मुळं किती खोल जातात हे बऱ्याच अंशी पाण्याची पातळी ठरवते, आणि ती पातळी उतारावर झाड कुठं उभं आहे त्यावरून ठरते. पायथ्याला उथळ मुळं, वरच्या निचऱ्याच्या जागी खोल. त्यानंतर वर्षभरात उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका डोंगरउतारावर मोजमाप झालं. वर्षभराच्या पावसापैकी २७ टक्क्यांपर्यंत पाणी मातीखालच्या कुजलेल्या खडकात साठतं आणि झाडं दुष्काळात ते पितात, असं दिसलं. बादलीच्या तळाखाली इतकं पाणी!

शंभर लिटरमधले दोन लिटर

आता आपल्या घराकडे येऊ. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. लाव्हाचे थर एकावर एक. कुठं मांजऱ्या, भोकाभोकांचा आणि पाणी धरणारा. कुठं अभंग कातळ, पाणी अडवणारा. या खडकात पाण्याला जागा फार कमी. शंभर लिटर खडकातून हाती येणारं पाणी साधारण एक ते तीन लिटर. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूच्या गाळात हाच आकडा पंधराच्या आसपास जातो.

याचा अर्थ नीट बघा. आपलं भूजल म्हणजे बशी आहे, हौद नाही. चांगल्या पावसात बरेचदा जुलैतच विहिरी तुडुंब होतात. त्यानंतर कितीही कोसळलं तरी ते ओढ्यानं निघून जातं. आणि भरलेली बशी उतारामुळे झरझर रिकामीही होते. म्हणून अडीच हजार मिलीमीटरच्या गावात एप्रिलमध्ये टँकर.

केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानं २०२० मध्ये भारताच्या हवामान बदलाचा अहवाल काढला. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, पण पुढं तो वाढेल आणि अतिवृष्टीच्या घटनाही वाढतील, असा त्याचा सूर आहे. ‘पाऊस वाढणार’ हे वाचून हायसं वाटतं. पण पाऊस थोड्या दिवसांत धो-धो पडणार असेल आणि बशी तेवढीच राहणार असेल, तर मे महिन्यात विहिरीत काय असेल? दोन मीटर माती आणि तळाशी उघडं भोक असलेल्या मॉडेलला हा प्रश्न विचारून उपयोग नाही. त्याला बशी माहीतच नाही.

उपसा तर आणखी पुढची गोष्ट. जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश आपला. नासाच्या ‘ग्रेस’ या जुळ्या उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक मोजून दाखवलं की राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पट्ट्यात ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ मध्ये १०९ घन किलोमीटर भूजल संपलं. आपलं कोयना धरण १०५ टीएमसीचं. ते साधारण छत्तीस वेळा भरेल एवढं पाणी. पंपानं वर आलं, शेतात गेलं, बाष्प झालं, हवेत मिसळलं. बहुतेक मॉडेल्समध्ये ना तो पंप आहे, ना तो उपसा.

उताराच्या पोटातलं पाणी जीवही घेतं. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. अशा दरडीत जोरदार पाऊस तर असतोच, पण मुरलेल्या पाण्यानं मातीच्या आतला दाब वाढवून तिची पकड सोडवलेली असते. जागतिक मॉडेल एखाद्या वाडीची दरड सांगणार नाही, त्याचं ते कामही नाही. पण पुढच्या काळात सह्याद्रीचे उतार किती दिवस पाण्यानं फुगलेले राहतील, एवढं तरी त्याच्याकडून कळायला हवं. उतारच नसेल तर तेही कळणार नाही.

उसना डोंगर चालणार नाही

‘मग चौकटी बारीक करा की!’ कॉम्प्युटरवाल्या मित्राचं हे पहिलं उत्तर असतं. करून बघा हिशेब. शंभर किलोमीटरवरून शंभर मीटरवर यायचं तर चौकटींची संख्या दहा लाख पट होते. एका राज्यापुरतं किंवा नदीखोऱ्यापुरतं जमेल. शंभर वर्षांच्या जागतिक हवामानासाठी आज तरी परवडत नाही.

दुसरा मार्ग जास्त हुशारीचा आहे. चौकटीतला प्रत्येक डोंगर काढायचा नाही, तिथल्या डोंगरांचा एक प्रातिनिधिक नमुना काढायचा. माथा, उतार, पायथा. तीन-चार बादल्या, पण उताराच्या क्रमानं जोडलेल्या, वरचीचं पाणी खालचीला मिळणाऱ्या. कल्पना अगदीच नवी नाही. नदीचा पूर काढण्यासाठी बेव्हन आणि कर्कबी यांनी १९७९ मध्येच उताराचा आकार हिशेबात घेतला होता. २०१९ मध्ये यिंग फॅन आणि जगभरातल्या सहकाऱ्यांनी मिळून हाच आग्रह अर्थ सिस्टिम मॉडेलवाल्यांपुढे मांडला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ‘कम्युनिटी लँड मॉडेल’मध्ये असे जोडलेले उतार घालून दाखवलेही गेले. म्हणजे दार उघडलंय.

पण इथं एक मेख आहे. तिकडचा नमुना डोंगर बहुतेक वेळा गुळगुळीत, वर मातीची गोधडी पांघरलेला. त्यात पाण्याची पातळी माथ्यापासून नदीपर्यंत एकसंध उतरत जाते. आपला सह्याद्री असा आहे का? ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा शब्द आलाय मुळी जिन्याच्या पायरीवरून. मुरणारं पाणी मांजऱ्या थरातून खाली येतं, अभंग कातळावर अडतं आणि डोंगराच्या कमरेलाच झरा बनून बाहेर पडतं. एकाच डोंगरावर दोन-तीन मजल्यांवर पाणी असू शकतं. गडांवर टाकी खोदणाऱ्यांना आणि झऱ्याशेजारी वाडी वसवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. बाहेरचा कोड जसाच्या तसा उचलला, तर त्यात आपला जिना नसणार. तो आपणच बसवायला हवा.

‘एआय करेल की हे सगळं’, असंही कुणी म्हणेल. करू दे. पण एआयला शिकवायला आकडे लागतात, आणि ते विहिरीत उतरल्याशिवाय मिळत नाहीत.

मग तुम्ही काय करायचं?

पहिलं, हे फक्त हवामानशास्त्राचं काम आहे हा समज सोडा. जिऑलॉजीवाल्याला खडक कळतो पण कोडची भीती वाटते. कॉम्प्युटरवाल्याला कोड येतो पण मांजऱ्या म्हणजे काय ते माहीत नसतं. सिव्हिलवाला धरणात अडकलेला, बॉटनीवाला झाडात. हा प्रश्न या चौघांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडून आहे. एकाच कॉलेजात हे चौघं कँटीनमध्ये शेजारी बसतात. फायनल इयरचा प्रोजेक्ट एकत्र करायला काय हरकत आहे? साधनं फुकट आहेत. ‘कम्युनिटी लँड मॉडेल’चा कोड सगळ्यांना खुला आहे आणि एका ठिकाणापुरतं ते साध्या यंत्रावर चालवता येतं. उंचीचे नकाशे इस्रोच्या ‘भुवन’वर मिळतात.

दुसरं, मोजा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सुमारे चार हजार निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. हे फार मोलाचं काम आहे. पण डोंगरउतार समजायला एकाच उतारावरच्या माथ्याजवळ, मधे आणि पायथ्याला अशा तीन विहिरी किंवा झरे महिन्या-महिन्यानं बघायला हवेत. एनएसएसचं शिबिर दरवर्षी कुठल्या तरी गावात जातंच. रस्ता झाडून, पथनाट्य करून परत येण्याऐवजी कॉलेजनं एक उतार दत्तक घ्यावा. विहिरीसाठी टेप, झऱ्यासाठी बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच, नोंदीसाठी वही. खर्च काही शे रुपये. पाच वर्षांत पाच बॅचेस पास होऊन जातील, पण वही राहील. अशा शंभर वह्या जमल्या, तर सह्याद्रीचा नमुना डोंगर काढायला कुणालाही अंदाजपंचे आकडे घालावे लागणार नाहीत.

तिसरं, मागा. विहिरींच्या नोंदी, बोअरच्या खोलीच्या नोंदी, झऱ्यांच्या याद्या लोकांच्या पैशातून तयार होतात. त्या सहज डाउनलोड होतील अशा रूपात, सलग वर्षांच्या, विद्यार्थ्यांना मिळायला हव्यात. पीडीएफमधल्या तक्त्यांवर संशोधन होत नाही, डोळे मात्र जातात.

आणि मॉडेल सुधारेपर्यंत गावांनी थांबायचं का? मुळीच नाही. हिवरे बाजारनं सुपरकॉम्प्युटरशिवाय पाण्याचा ताळेबंद मांडला. किती पाऊस पडला, किती मुरला, त्यावर कुठली पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवलं आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली. आपल्या बशीची खोली ओळखलेलं ते गाव आहे. पण ताळेबंद होऊन गेलेल्या पावसाचा असतो. २०५० मधल्या पावसाचा मांडायचा तर मॉडेल लागणारच. त्यात गावकऱ्यांना दिसणारा डोंगर असायला हवा.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर ‘यंदा पाऊस जास्त’ असं फॉरवर्ड आलं, तर अंगठा दाखवण्याआधी एक प्रश्न टाका: ‘मुरणार किती, आणि मे महिन्यात उरणार किती?’ ग्रुपवर उत्तर येणार नाही. ते शोधायला येत्या मे महिन्यातच, टेप घेऊन, जवळच्या एखाद्या डोंगरापासून सुरुवात करा.